बुद्धी मोजणाऱ्यांची वजनं तपासा

काशीदला मुंबई-पुण्याची गाडीवाली माणसं पांढरी वाळू बघायला येतात. सुरूच्या सावलीत गाड्या लावतात, समुद्राकडं तोंड करून उभी राहतात. त्यांच्या पाठीमागं फणसाडचा डोंगर आहे, आणि डोंगराच्या अंगाला कातकऱ्या-ठाकरांच्या वाड्या. तिकडं कोण बघतो? दिवाळी सरली की कातकऱ्याचं बिऱ्हाड वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतं. पोरं संगं. पाऊस तोंडावर आला की परत. शासनाचं वेळापत्रक वेगळंच : आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक, मग एप्रिलात संकलित दोन. एप्रिलात पोरगं विटा वाहतंय. पेपर मात्र सगळ्या महाराष्ट्राला एक. दादरच्या अनुदानित शाळेतल्या पोराला जो, तोच ह्याला. आणि शेरा 'अप्रगत'. च्यायला, भट्टीच्या धगीत दिवस काढणाऱ्या पोराला अप्रगत म्हणणारा हा प्रगत कोण?

माझा धाकटा भाऊ डी.एल.एड. करतोय. ह्याच पट्ट्यातल्या शाळेवर आंतरवासितेला जातो. त्याच्या वह्या मी वाचतो. मी मॅट्रिक, गोदीतला मजूर; वह्या वाचायला परवाना लागत नाही. थॉर्नडाइकची मांजर पेटीतून कशी सुटली, पियाजेच्या अवस्था किती, सगळं लाल-निळ्या शाईत. पाठ टाचणाचे रकाने तर असे आखलेत की तलाठ्यानं सातबारा लिहावा. पण वर्गात मागं बसलेलं, घरी कातकरी बोलणारं पोर 'उत्तर द्या' म्हटल्यावर जमिनीकडं का बघतं, ह्यावर एक ओळ नाही. जात हा शब्द वहीत एकदाच आलाय, शिष्यवृत्तीच्या फॉर्मात लागणाऱ्या कागदांच्या यादीत.

भावानं तासाला विचारलं, बिनेनं बुद्धिमापन चाचणी कशासाठी काढली? उत्तर मिळालं, साल लक्षात ठेव, कारण विचारत नाहीत. तर साल १९०५. आणि कारण मी सांगतो. पॅरिसच्या शाळांत मागं पडणारी पोरं ओळखून त्यांना जास्तीची मदत द्यायची होती. बुद्धी म्हणजे कायमचा शिक्का नव्हे, हे बिने स्वतः सांगून गेला. तीच चाचणी अमेरिकेत नेऊन गोऱ्या पंडितांनी तिची उतरंड केली. प्रिन्स्टनच्या ब्रिगमनं १९२३ साली पुस्तक लिहून उत्तर युरोपातल्या गोऱ्यांना वर आणि काळ्यांना तळाला बसवलं. १९२६ साली कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा त्याच्याच हातून निघाली. १९३० साली गडी म्हणतो, माझे निष्कर्ष चुकले! निष्कर्ष गेले, परीक्षा राहिली. कॅलिफोर्नियात काळी पोरं बुद्ध्यांकाच्या जोरावर मतिमंदांच्या वर्गात कोंबली जात. लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायाधीश पेकहॅमनं ते बेकायदा ठरवलं. ज्या काळ्या भावांकडून १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं, त्यांची ही लढाई. आमच्या मनुनं निदान मोजमापाचं ढोंग केलं नव्हतं. तो जन्मावरच निकाल लावून मोकळा.

आता मास्तरांकडं या. डी.एल.एड. झालं की टीईटी : दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं. ती झाली की अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०१७ पासून : दोनशे प्रश्न, दोन तास. भागाकार करा, एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत म्हणे कळतं की हा माणूस वाडीवरच्या रडणाऱ्या पोराला जवळ घेईल का! दोन्ही पास झाला तरी नोकरी नाही, पवित्र पोर्टलची वाट बघायची. नशीब फळलं तर तीन वर्षं शिक्षणसेवक, १६ हजार मानधनावर. ही फी, हे क्लासचे पैसे कुणाच्या आईनं कुठं राबून भरले, ते कुठल्या चाचणीत येतं?

आपल्यातलेच शिकलेले म्हणतील, परीक्षा नको तर काय संस्थाचालकाला लाखांची पाकिटं द्यायची? वशिला आपल्याला कधी मिळाला? खरंय. हा सवाल मी उडवून लावत नाही. पण २०२१ च्या डिसेंबरात काय झालं आठवा. पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच टीईटी घोटाळ्यात अटक केली. पैसे घेऊन नापासांना पास केल्याचा तो गुन्हा. २०१९-२० च्या परीक्षेतले साडेसात हजारांवर उमेदवार त्यात सापडले. म्हणजे पाकीट गेलं नाही, पाकिटाचा पत्ता बदलला. मग परीक्षा काय मोजत होती? गुणवत्ता की ऐपत?

जोतिबांनी हे १८८२ सालीच ओळखलं होतं. हंटर कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी स्पष्ट सांगितलं की निकाल बघून पैसे द्यायची पद्धत गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला बिलकूल उपयोगाची नाही. तिथं सरकारनंच शाळा काढाव्या लागतील. शिक्षक मागितला तो नांगर आणि सुताराचं हत्यार हाती धरायला न लाजणारा, शेतकऱ्यांतून आलेला. आणि पगार बारा रुपयांच्या खाली नको. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कौन्सिलात हिशोब मांडला : शाळेत शिरलेल्या शंभरांतली अठराच चौथीला पोचतात. त्यांनी पोरांना नापास ठरवलं नाही; पोरं गळतात ती सरकारच्या खर्चात, असं सरकारला सुनावलं. गोदीत नगावर मजुरी असते तेव्हा नग मोजणारा पाठ मोजत नाही. जोतिबा-बाबासाहेब पाठ मोजत होते.

पोरं भट्टीवर जातात तर शाळा भट्टीवर न्या. ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालल्याच की वीटभट्ट्यांवर! त्यासाठी माणूस लागतो, पगार लागतो. पेपर छापणं स्वस्त पडतं.

आणि माणसाचं काय करतात बघा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात निकाल दिला : पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या मास्तरांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर घरी बसावं. ठीक. पण २०२३ च्या जुलैत ह्याच शासनानं जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक महिना २० हजारांच्या कंत्राटावर घ्यायचा निर्णय काढला होता. तेव्हा टीईटी आणि अभियोग्यता पास झालेली पोरं घरीच होती. आमच्या वाडीत आजही एक आहे. सकाळी काशीदच्या किनाऱ्यावर शहाळी फोडतो, संध्याकाळी पवित्र पोर्टल उघडून बघतो.