‘दप्तर’ चालते, ‘दस्तरखान’ का नाही?

गेल्या महिन्यात एका शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही सातवीच्या मुलांना शब्दसाखळी खेळायला बसवले. एका शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. नियम दोनच: विशेषनाम नको, परका शब्द नको. साखळी ‘आनंद’वर आली आणि एक मुलगी म्हणाली, ‘दस्तरखान’. समोरचा गट ओरडला, “हा उर्दू शब्द आहे!” आम्ही स्वतः उर्दू शिकवतो, तरी घाईत तिचा गुण कापला. समोरच्यांनी लगेच ‘दप्तर’ म्हटले. कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही नाही.

घरी जेवायला बसलो तेव्हा चूक ध्यानात आली. ‘दप्तर’ म्हणजे फारसीतले ‘दफ्तर’च की! मूळ पाहून शब्द बाद करायचे, तर नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात तोंड उघडता येणार नाही. बाजार फारसी, हमाल, दलाल, वजन, हिशेब अरबी. तालुका आणि जिल्हाही तिकडचेच. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता, तो बनवणारे कागदी मुसलमान. आणि ‘कागद’ हा शब्दही फारसीतूनच आलेला.

वाद जुना आहे. आपल्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश आला आणि १९३८ साली त्यांचेच ‘भाषाशुद्धि-विवेक’. पण दरबारासाठी पर्याय काढणे निराळे आणि लेकराच्या घरातला शब्द खेळातून हाकलणे निराळे. आमच्याकडे दस्तरखानावर बाजरीची भाकरी आणि मासवडीच येते. त्या कापडाला आमच्या घरच्या मराठीत दुसरा शब्द नाही.

पुढच्या सोमवारी वर्गासमोर चूक कबूल केली, गुण परत दिला आणि नियम बदलला. शब्दाचा अर्थ सांगायचा आणि त्याला मराठी प्रत्यय लावून वाक्य करायचे: दप्तरात वही आहे, दस्तरखानावर ताटे मांडली, सहरीला उठलो. एका पठ्ठ्याने लगेच ‘व्हॉट्सॲपवर’ पुढे केले. ते विशेषनाम म्हणून सुटलो, ‘मोबाईल’ मात्र घ्यावा लागला.

त्या शनिवारी पुन्हा खेळ झाला. त्याच मुलीवर पुन्हा ‘द’ आला. तिने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘दगड’.