पहाटेचा फसवा गारवा

मे महिन्यात पहाटे साडेपाचला मरिन ड्राइव्हवर किंवा दादरच्या शिवाजी पार्काभोवती गेलात, तर धावणाऱ्यांची चांगलीच वर्दळ दिसते. यातले बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू नाहीत. कुणी बँकेत नोकरी करते, कुणी शिक्षिका आहे, कुणाला डॉक्टरांनी साखर वाढत असल्याचे सांगून हालचाल वाढवायला लावले आहे. ऊन चढायच्या आत धावून घेतले की उन्हाळ्याचा प्रश्न मिटला, असे यातल्या अनेकांना वाटते. किनारपट्टीवर तरी हा समज अर्धाच खरा आहे.

हौशी धावपटूंचे वर्षाचे वेळापत्रकच आता असे झाले आहे की, उकाडा टाळता येत नाही. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी सोळा आठवड्यांची तयारी धरली, तर ती मे महिन्यातच सुरू होते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत लांब पल्ल्याचा सराव वाढवायचा काळ येतो तो नेमका ‘ऑक्टोबर हीट’मध्ये. त्यामुळे उन्हाळ्यात धावावे की नाही, या प्रश्नाला फारसा अर्थ उरलेला नाही. विचारायचे प्रश्न दोन आहेत : अशा हवेत किती वेगाने धावायचे, आणि शर्यतीत कुणी कोसळले तर पहिल्या अर्ध्या तासात काय केले जाते?

आधी शरीराचा हिशेब पाहू. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा पुढे जाण्यासाठी वापरली जाते. बाकीची उष्णता होते. ६५ किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला साधारण ६५० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातून सुमारे ५०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो त्वचेवरून वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम हनुवटीवरून टपकतो किंवा बनियनमधून पिळून निघतो, तो पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही.

आता उलट बाजू. याच माणसाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढायला साधारण ५४ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे तासाभरात तयार झालेल्या ५०० पैकी फक्त १०० किलोकॅलरी आत अडकून राहिल्या, तरी शरीर ३७ अंशांवरून ३९ च्या आसपास जाते. हिशेब ढोबळ आहे, पण दमट हवेत धावणे एकाएकी जड का होते, ते यातून कळते.

पहाटेची फसगत इथेच आहे. रात्री हवा थंड होते, पण तिच्यातली वाफ कुठे जात नाही. थंड हवेत वाफ कमी मावते, म्हणून सापेक्ष आर्द्रता पहाटेच सर्वाधिक असते. मुंबईत मे महिन्यात सकाळी तापमान २७-२८ अंश आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात समुद्रावरचा वारा दुपारी वाहतो, पहाटे बहुधा हवा पडलेली असते. ऊन नसते हा मोठा फायदा आहेच, पण घाम वाळायला लागणारी कोरडी, वाहती हवाही नसते.

नागपूर-अकोल्याकडे प्रकरण वेगळे आहे. तिथे हवा कोरडी, त्यामुळे घाम येताक्षणी वाळतो आणि शरीर चांगले थंड होते. पण अंग कोरडेच दिसते म्हणून किती पाणी गेले ते कळत नाही, आणि सूर्य वर आला की तापमान झपाट्याने चढते. पुण्याच्या पठारावर पहाट खरोखरच बरी असते. तिथे सराव करून मुंबईत किंवा गोव्यात शर्यत धावणाऱ्याने मात्र आपली पुण्याची वेळ गाठण्याचा हट्ट धरू नये.

वेळ बदलून दमट हवेवर मात करता येत नाही, हे अव्वल खेळाडूंच्या बाबतीतही दिसले आहे. २०१९च्या दोहा जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हापासून वाचण्यासाठी मध्यरात्री घेतली गेली. तेव्हाही तापमान ३० अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर होती. ६८ जणी धावायला उभ्या राहिल्या, शर्यत पूर्ण केली ४० जणींनी.

आपल्याकडे हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या दिवसाच्या कमाल तापमानावर बेतलेली आहे. मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश हा तिचा उंबरठा. सर्वसामान्यांसाठी ती उपयोगीच आहे. पण सकाळी सहाला शर्यत सुरू करणाऱ्याला दुपारच्या कमाल तापमानातून फारसे कळत नाही. त्यासाठी ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक वापरतात. हवेचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा या साऱ्यांचा परिणाम त्यात एकत्र येतो, आणि त्यात सर्वाधिक, ७० टक्के वजन ओल्या तापमापकाच्या नोंदीला आहे. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघाताचे प्रकार वाढल्यावर १९५०च्या दशकात तो तयार झाला. हा आकडा २८ च्या वर असेल तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, असा क्रीडावैद्यकातला जुना सल्ला आहे. तो मोजणारे यंत्र हातात मावते. आपल्या किती शर्यतींच्या आरंभरेषेवर ते असते, हे नोंदणी करताना विचारायला हवे.

कारण धोका कशाचा आहे, याबद्दल आपला अंदाज चुकतो. धावताना कुणी कोसळले की पहिला शब्द येतो ‘हृदयविकार’. तो असू शकतोच, आणि श्वास व नाडी नसेल तर तत्काळ छातीवर दाब देणे हाच उपाय. पण तेल अवीव या किनारी शहरातल्या शर्यतींचा २००७ ते २०१३ या काळातला अभ्यास वेगळे सांगतो. १ लाख ३७ हजारांहून अधिक धावपटूंमध्ये हृदयाच्या गंभीर घटना दोन घडल्या, तर गंभीर उष्माघाताच्या २१. त्यांतले दोघे दगावले.

श्रमातून होणारा उष्माघात उन्हात बसून होणाऱ्या उष्माघातापेक्षा वेगळा असतो. तो तरुण, तंदुरुस्त माणसालाही होतो, आणि त्यात अंग कोरडे पडेलच असे नाही, घाम वाहत असतो. ओळखीची खूण म्हणजे वागण्यातला बदल : असंबद्ध बोलणे, चिडणे, झोकांड्या, दिशा न कळणे. पल्ला लांब असेल तरच धोका, हेही खरे नाही. छोट्या शर्यतीत वेग जास्त, म्हणून उष्णताही जास्त. अमेरिकेतली फालमथ रोड रेस अवघी ११.३ किलोमीटरची आहे, पण ती ऑगस्टमध्ये होते. तिथे १८ वर्षांत अशा उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर उपचार झाले आणि सगळे वाचले. उपचार साधा होता : शर्यतीच्या जागीच बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवणे. तापमान खाली आल्यावरच रुग्णालय.

‘आधी थंड करा, मग हलवा’ हा नियम आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण आधी रुग्णवाहिका शोधतो आणि शरीर तापलेले असताना मोलाची मिनिटे वाहतुकीत घालवतो. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांच्या खाली आले, तर बचावाची शक्यता फार मोठी असते. टब नसेल तर ताडपत्रीचे चारही काठ उचलून धरायचे, त्यात रुग्णाला ठेवून पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा. तेही नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सर्वांगावर घालून सतत बदलायचे. १०८ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

लग्नाच्या हॉलवर बर्फाच्या लाद्या जितक्या सहज येतात, तितक्या त्या शर्यतीच्या अंतिम रेषेवरही येऊ शकतात. पदक, टी-शर्ट आणि ढोल-ताशासाठी पैसे असलेल्या आयोजकाला टब परवडत नाही, असे होत नाही. वैद्यकीय पथकाकडे गुदमार्गे ताप मोजण्याची सोय हवी, कारण दमल्या-भिजल्या शरीरात काखेतला ताप चुकीचा येतो. आणि शर्यत छोटी करण्याचा वा थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी लिहून ठेवलेले हवे. २००७ साली शिकागो मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. पोलीस आणि महापालिका परवानगी देताना या गोष्टींची अट घालू शकतात.

धावणाऱ्याच्या हातात काय आहे? सर्वांत आधी वेग. वरच्या उदाहरणातला माणूस ताशी १० ऐवजी ८ किलोमीटरने धावला, तर तासाला सुमारे १०० किलोकॅलरी उष्णता कमी तयार होते. म्हणजे जिच्यामुळे ताप दोन अंशांनी चढत होता, नेमकी तेवढीच. घड्याळ पाहण्याऐवजी सलग वाक्य बोलता येते का, ते पाहावे.

दुसरे, सवय. उकाड्यात दहा ते चौदा दिवस हळूहळू सराव वाढवला की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते. एसी जिममधल्या ट्रेडमिलवर ही सवय लागत नाही, आणि दोन-चार आठवडे खंड पडला की ती जाते.

तिसरे, पाणी. कमी नको, तसे अतिही नको. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि धावताना ज्यांचे वजन वाढले त्यांना हा धोका अधिक होता. तहानेप्रमाणे प्यावे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले.

आदल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील, रात्री झोप झाली नसेल, तर शर्यत सोडावी. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नये.

भरलेली नोंदणी फी वाया जाते म्हणून तापातून उठून धावणारे कमी नाहीत. आपल्या गटात असा कुणी असेल, तर त्याला थांबवणे हे सोबत धावणाऱ्यांचे काम आहे. कारण शरीर तापल्यावर सर्वांत आधी डगमगते ती निर्णयशक्ती, आणि कोसळणाऱ्याला आपण कोसळतो आहोत हे शेवटपर्यंत कळत नाही.