दोष जुळ्या कार्ब्युरेटरांचा की तपासणाऱ्यांचा?

१/ १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आज त्यांतील अनेक गाड्या सिग्नलला उभ्या राहिल्या की थरथरतात. कधी इंजिनाच्या फेऱ्या आपोआप चढतात, कधी ते बंदच पडते. आयडलिंगच्या या दुखण्याचे खापर दोन एसयू कार्ब्युरेटरांवर फुटते. बहुतेक वेळा हा आरोप चौकशीविना केलेला असतो, आणि त्यापायी यंत्रेतिहासाचा एक अस्सल पुरावा भंगारात जातो.

२/ एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा इंग्लंडमधील पादत्राणांच्या व्यापारी घराण्यातला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने जो कार्ब्युरेटर घडवला, त्यात चामड्याचा भाता होता! १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९२६ मध्ये ती विल्यम मॉरिसने विकत घेतली. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

३/ ते तत्त्व असे: इंजिन जितकी हवा ओढते, तितका पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनला निमुळती सुई जोडलेली असते. सुई वर गेली की जेटचे तोंड अधिक उघडते आणि पेट्रोल वाढते. एमजीबीच्या साधारण पहिल्या दशकात वापरलेल्या एचएस४ या प्रकारात आयडलिंगसाठी वेगळा जेट नाही. त्यामुळे आयडलिंग सुधारण्यासाठी मिश्रण बदलले, तर ते प्रत्येक वेगाला बदलते. घाईने फिरवलेला नट म्हणूनच महागात पडतो.

४/ इंजिन चार सिलिंडरचे, १,७९८ सीसीचे. पण हवा आत जाण्याची दारे दोनच. एक दार पहिल्या दोन सिलिंडरांचे, दुसरे उरलेल्या दोहोंचे, आणि प्रत्येक दारावर एक कार्ब्युरेटर. दोहोंना जोडणारी एक नळीही असते. त्यामुळे एकाचा दोष थोडाफार दुसऱ्याकडे झिरपतो. तरीही या जोडीरचनेतच निदानाचा पहिला धागा सापडतो.

५/ इतिहासाचा अभ्यासक बखरीपेक्षा समकालीन पत्राला अधिक वजन देतो. ‘कार्ब्युरेटर बिघडलाय’ ही गॅरेजमधली बखर; स्पार्क प्लगचे टोक हे समकालीन पत्र. पहिले दोनच प्लग काळेकुट्ट असतील, तर संशय पुढच्या कार्ब्युरेटरवर. चारही सारखेच बिघडले असतील, तर दोष बहुधा दोहोंच्या पलीकडे, सामाईक भागात आहे. हे पत्र न वाचता पेचकस हाती घेणे म्हणजे साधनांविना इतिहास लिहिणे होय.

६/ म्हणून सुरुवात प्लग-पॉइंटपासून आणि टॅपेटपासून व्हावी. इंजिन थंड असताना टॅपेटची फट ०.०१५ इंच, आणि पॉइंटची फटही त्याच्याच आसपास. त्यानंतर इग्निशनचे टायमिंग. ठिणगी अवेळी पडत असेल किंवा झडप पुरती मिटत नसेल, तर जगातला कोणताही कार्ब्युरेटर ते इंजिन संथ आणि स्थिर चालवू शकणार नाही.

७/ पुढची पायरी चोरवाटेने शिरणाऱ्या हवेची. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असते. इंजिन अगदी थोडक्या हवेवर चालते. अशा वेळी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, तडकलेल्या नळीतून किंवा झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलच्या कडेने शिरलेली किंचित हवाही मिश्रण बिघडवते. वेगात तीच गळती जाणवत नाही. डॅशपॉटमधील तेलाला मात्र येथे दोष देऊ नये. त्याचे काम अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावरचे आहे.

८/ आता या यंत्रावर उमटलेली कायद्याची खूण. अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून गाड्यांच्या धुरावर केंद्रीय मर्यादा आल्या, आणि एमजीबीचा मोठा ग्राहक अमेरिकेतच होता. त्या काळातील अनेक एसयूंच्या थ्रॉटलच्या चकतीत एक चिमुकली स्प्रिंगची झडप दिसते. वेगात पाय काढल्यावर ती उघडून ज्वलन सुधारते. अर्धशतकानंतर ती स्प्रिंग सैल पडली की झडप आयडलिंगलाही उघडते. फेऱ्या चढतात आणि स्क्रू कितीही सोडला तरी उतरत नाहीत.

९/ एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटरांना हात लावावा. इंजिन तापलेले असावे, एअर क्लीनर काढलेले असावेत. दोन्ही स्पिंडलांना जोडणारे क्लॅम्प सैल करून, रबरी नळी कानाशी धरून दोन्हीकडच्या हवेचा फूत्कार सारखा करावा. मिश्रण त्यानंतर. पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा: फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर पेट्रोल जास्त, इंजिन अडखळले तर कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या तर योग्य. हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

१०/ यावर सोपा तोडगा म्हणून पुष्कळ मालक जुळी जोडी काढून एकच वेबर कार्ब्युरेटर बसवतात. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. गाडी चालण्यासाठी असते, आणि एकाच कार्ब्युरेटरला जुळवून घ्यायला दुसरा नसतो. पण पॉइंट, टॅपेट किंवा गॅस्केटचा दोष त्याने बरा होत नाही. केवळ वाटेतली साक्ष नाहीशी होते. १९६८ च्या कायद्याची ती चिमुकली झडप मग कोणाला वाचता येणार?

११/ बदल करूच नये, असा हट्ट येथे नाही. सैल झडपेची चकती काढून साधी चकती बसवणे रास्तच. पण काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा, प्रत्येक फट आणि नटाचा प्रत्येक फेरा वहीत तारखेसह टिपावा. पुढच्या मालकाला गाडीबरोबर ती वही मिळाली, तर त्याला पहिल्या बखरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

(थ्रेड समाप्त)