तीस तास आणि दोन वर्षांचे मूल

युनियनच्या कार्यालयात बढती, बदली, क्वार्टर, थकबाकी यांचे अर्ज रोजच येतात. अलीकडे तरुण सभासद आणखी एक प्रश्न घेऊन येऊ लागले आहेत आणि तो मांडताना थोडे संकोचतात. घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे, त्याला घेऊन दोन दिवस कुठेतरी जवळपास जाऊन यायचे आहे, आणि ते काही केल्या जमत नाही. काही जुन्या मंडळींना हे ऐकून हसू येते. "आम्ही कधी गेलो होतो थंड हवेच्या ठिकाणी? पोरं वाढलीच ना?" असे ते म्हणतात. आम्हाला हे हसणे पटत नाही. पोरे वाढली हे खरे, पण ती कोणी वाढवली हे त्यांनी घरी विचारून पाहावे.

हा प्रश्न चैनीचा नसून साप्ताहिक विश्रांतीचा आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास व विश्रांतीचे नियम 2005 साली नव्याने करण्यात आले. त्यानुसार 'कंटिन्युअस' वर्गातील कर्मचाऱ्याला आठवड्यात सलग तीस तास विश्रांती मिळते. रनिंग स्टाफला महिन्यातून तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच विश्रांती मिळतात. कागदावर हे आकडे भरघोस दिसतात. तेच तास आता लहान मुलाच्या घड्याळाने मोजून पाहू.

कल्याणचा एक पॉइंट्समन घ्या. शनिवारी दुपारी दोनला ड्यूटी सुटली, रविवारी रात्री आठला पुन्हा हजर व्हायचे. झाले तीस तास. घरी येऊन आंघोळ, जेवण, तोवर मूल झोपलेले. ते उठल्यावर बॅग, दुधाची बाटली, दोन जादा चड्ड्या, खिचडीचे सामान घेऊन कर्जत लोकल पकडायची. नेरळला उतरेपर्यंत साडेचार-पाच होतात. तेथून टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि पुढे माथेरानात मोटारीला बंदी असल्याने अमन लॉजवरून शटल मिळाली तर ठीक, नाहीतर लाल मातीतून मूल खांद्यावर घेऊन पायपीट. खोलीवर पोहोचेपर्यंत अंधार पडतो, मूल भुकेने व झोपेने रडकुंडीला आलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते बारा एवढाच वेळ हातात उरतो, कारण दुपारी घरी पोहोचून तासभर तरी पाठ टेकल्याशिवाय रात्रपाळी करणे सुरक्षित नाही. तीस तासांतून पोराच्या वाट्याला आले पाच. बावीस तासांवाल्याने तर हा हिशेब मांडूच नये.

लोको पायलट बांधवांनी याच हिशेबावर बोट ठेवले. 2024 च्या जून महिन्यात दक्षिण रेल्वेत त्यांनी आंदोलन केले. त्यांची मागणी अशी होती की मुख्यालयातील सोळा तासांची विश्रांती वेगळी धरावी आणि साप्ताहिक तीस तास त्याच्या पुढे मोजावेत, म्हणजे एकूण सेहेचाळीस तास. सेहेचाळीस तासांत दोन रात्री बसतात. एक रात्र थकवा काढायला आणि दुसरी घरच्यांसाठी, असा त्याचा साधा अर्थ आहे. प्रशासनाने हा विषय केवळ गाड्या चालवण्याचा समजू नये.

दुसरी अडचण तारखेची. आरक्षण साठ दिवस आधी उघडते (1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवस होती). शनिवारच्या जागा पहिल्या दिवसांत संपतात. ज्याला परवाचा कॉल माहीत नाही तो दोन महिन्यांनंतरचा रेस्ट कोणत्या आधारावर सांगणार? पाच वर्षे सेवा झाल्यावर वर्षाला तीन सेट पास मिळतात, खिशात पास असतो, पण त्यावर तारीख घालण्याची हिंमत होत नाही. स्टेशनवर रोस्टर ठरलेले असले तरी रेस्ट गिव्हर नसला की रेस्ट रद्द होतो आणि त्याबदल्यात भरपाईची सुट्टी 'सोयीने' देऊ असे सांगतात. ही सोय कोणाची, हे वेगळे सांगायला नको.

पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही ही चांगली गोष्ट, पण बर्थही मिळत नाही. म्हणजे रात्रभर आई कडेला अंग चोरून पडते. 2022 च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा 'बेबी बर्थ' प्रायोगिक म्हणून लावला होता. कल्पना चांगली होती. अशी सोय कागदावर आखताना डब्यात राबणाऱ्या महिला टी.टी.लाही विचारावे, असे आम्हाला वाटते.

टपालातील भगिनींचे दुखणे निराळे. आमच्या ओळखीतील एका घरात नवरा रेल्वेत, बायको पोस्टात. तिला रविवार, त्याला बुधवार. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत तिघांना एकत्र मोकळे असे दिवस बोटावर मोजण्याइतके मिळाले. आर.एम.एस.च्या सेट ड्यूटीवाल्याला रविवार हा शब्दच परका. महिला कर्मचाऱ्यांना सातशे तीस दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती 2008 पासून मिळते आणि ती मोठी कमाई आहे. पण ती एका वेळी पाच दिवसांहून कमी घेता येत नाही, तेव्हा दोन दिवसांसाठी तिचा उपयोग नाही. ग्रामीण डाक सेवकाला तर एल.टी.सी.च नाही, आणि रजा घ्यायची तर बदली माणूस शोधण्यापासून त्याची सुरुवात होते.

या देशातील कामगारांच्या रविवारचे मूळ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी आहे. ठाण्याचे लोखंडे गिरणीत येण्यापूर्वी रेल्वे-टपालाच्या नोकरीत होते, म्हणजे ते आपल्याच बिरादरीतले. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. टपाल खात्याने 2005 साली लोखंड्यांचे तिकीट काढले. ते तिकीट विकणाऱ्या काउंटरवरील आणि ती पत्रे वाहणाऱ्या गाडीवरील माणसाला पोराबाळांसह एक दिवस मिळतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता थोडे आपल्या सभासदांशी. काही जण ओव्हरटाइम वा मायलेजसाठी हक्काचा रेस्ट स्वतःहून सोडतात. गरज प्रत्येकाला असते, आम्ही दोष देत नाही. पण एकाने सोडलेला रेस्ट उद्या दुसऱ्याकडे मागितला जातो. आणि जेव्हा जायला मिळेल तेव्हा आठ पॉइंट पाहण्याचा हट्ट धरू नका. दोन वर्षांच्या मुलाला सूर्यास्ताचे काही नाही. त्याला घोडा दिसला की झाले, दगड उचलता आले की झाले. (माकडांपुढे बिस्किटाचा पुडा मात्र काढू नये.) माथेरानची शिफारस आम्ही यासाठीच करतो की तेथे मूल खाली सोडता येते, मागून मोटार येत नाही, घोडे-रिक्षा सांभाळले की पुरे. 1907 सालची ती छोटी गाडी 2019 च्या पावसात बंद पडली होती, ती 2022 मध्ये पुन्हा नेरळहून सुरू झाली. पावसाळ्यात खालचा भाग बंद असतो. इटारसीकडील आपल्या मराठी बांधवांना पिपरियावरून पचमढी आहे, बडनेऱ्याच्या लोकांना चिखलदरा, बडोद्याच्या लोकांना पावागड. दुपारची झोप चुकवू नका. ती चुकली की सगळ्यांचीच सहल संपते.

आमचे म्हणणे असे की पुढील पी.एन.एम.मध्ये तीन बाबी स्वतंत्र विषय म्हणून जाव्यात. पहिली, रेस्ट गिव्हरची रिक्त पदे भरेपर्यंत रद्द झालेला रेस्ट महिन्याच्या आत व कर्मचाऱ्याने मागितलेल्या तारखेला द्यावा. दुसरी, पाच वर्षांखालील मूल असलेल्यांना तीन महिन्यांतून एकदा सलग दोन रात्रींचा रेस्ट साठ दिवस आधी लेखी कळवावा, आणि जोडीदार दुसऱ्या केंद्रीय खात्यात असेल तर त्याच्या सुट्टीशी तो जुळवावा. तिसरी, स्टाफ बेनिफिट फंडातून चालणाऱ्या हॉलिडे होममध्ये काही खोल्या ट्रॅक मेंटेनर व पॉइंट्समन यांच्यासाठी राखाव्यात. टपाल संघटनांनीही आपापल्या विभागात दुसरा मुद्दा लावून धरावा, कारण जोडप्याचे एकच टोक ओढून गाठ सुटत नाही.

शाखा सचिवांनी गेल्या सहा महिन्यांत रद्द झालेल्या रेस्टची यादी, नावासमोर मुलाचे वय घालून, विभागीय कार्यालयाकडे पाठवावी. रोस्टर रजिस्टरची नक्कल सोबत जोडावी. नुसत्या तोंडी तक्रारीवर कोणी मान वर करत नाही.