‘नुसती डाळ’ म्हणू नका



मागच्या हिवाळ्यात एका गावची बैठक आटोपून कार्यकर्त्याच्या घरी जेवायला गेलो. यजमान ओशाळून म्हणाले, ‘‘भाऊ, मटणाचा बेत होता. पण किलोला सातशेच्या वर भाव. आज नुसती डाळच आहे.’’ आम्ही बसलो होतो त्या ओसरीतच तुरीच्या पोत्यांची थप्पी होती. दुसऱ्या दिवशी ती बाजार समितीत जायची होती. आणि ताटात पडलं ते पाणीदार वरण.

मला डाळ खटकली नाही. ‘नुसती’ हा शब्द खटकला.

मटण खाऊ नका असं सांगायला मी आलेलो नाही. ज्याचं ताट त्यानं बघावं. पोळ्याच्या करीला मीही खातोच. पण आठवड्याचं मटण महिन्यावर आणि महिन्याचं सणावर गेलं, ही बहुतेक घरांची गोष्ट आहे. त्याच्या जागी काय आलं? पातळ वरण आणि ठेचा. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, कच्च्या मटणाच्या तोडीस तोड. पण मूठभर डाळीत तांब्याभर पाणी ओतलं की हा हिशेबही पाण्यातच जातो. ज्वारीत लायसिन कमी, कडधान्यात ते भरपूर. म्हणून भाकरी आणि दाट उसळ एकमेकींची उणीव भरून काढतात. बी-१२ मात्र कडधान्यात नाही. त्यासाठी दूध, दही, अंडं लागतंच.

आता चवीचं बोलू. मटण शिजायचं असलं की कांदा निखाऱ्यावर भाजला जातो, खोबरं लाल होतं, मसाला पाट्यावर वाटला जातो, अर्धा दिवस जातो. डाळीच्या वाट्याला मोहरी-हळदीची फोडणी आणि घाई. मग चव कुठून यायची? नागपूरच्या सावजी खानावळींनी हे कधीच ओळखलं. तिथं डाळकांदा आणि पातोडी त्याच झणझणीत मसाल्यात येतात, आणि मटणवाल्याच्या शेजारी बसून डाळकांदा मागवणारा कुणी ओशाळत नाही.

आपली बरबटीच घ्या, कुणी तिला चवळी म्हणतात. रात्री भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या. पोटात गॅस धरणारी साखर थोडीफार त्याबरोबर जाते. नव्या पाण्यात शिजवा, पण चिंच-टमाटे आधी घालू नका, आंबटानं दाणा कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातही तो लवकर शिजत नाही. मग बाया चिमूटभर सोडा टाकतात. दाणा मऊ होतो खरा, पण बी-१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा गोडं पाणी मिळालं तर तेच वापरा. दाणा बोटानं चेपला गेला की दुसऱ्या भांड्यात तेल तापवा. जवसाचं असेल तर फारच उत्तम. भाजलेला कांदा, खोबरं, धने, खसखस, लवंग, मिरे, दगडफूल यांचं वाटण तिखटाबरोबर तेल सुटेस्तोवर परता. सगळी गोम इथं आहे. इथं घाई केली तर बाकीची मेहनत वाया. मग बरबटी तिच्या पाण्यासकट घाला, पळीभर दाणे चेचून घाला, रस्सा मिळून यायला चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ कालवून लावा. दहा मिनिटं उकळू द्या, तर्री वर येईल. आंबट घालायचंच तर शेवटी.

हाच मसाला मोड आलेल्या मटकीला चालतो, हुलग्याला चालतो. हिवाळ्यात तुरीचे सोले जरा भाजून, भरडून वांग्यात टाका, मग मटणाची आठवण कुणाला येते ते सांगा.

हे वाटण करणार कोण, असं एका बैठकीत एका बाईनं विचारलं, आणि बरोबर विचारलं. वेचणीच्या दिवसांत ती पहाटेच शेतात असते. खोबरं, खसखस आणि कोरडा मसाला पंधरा दिवसांचा एकदम भाजून, दळून डब्यात ठेवता येतो. कांदा तेवढा ऐन वेळी भाजायचा. भाजायला घरच्या पुरुषानं बसावं. स्त्री-पुरुष समानतेच्या ठरावावर हात वर करणाऱ्यांनी आधी.

राहिला धान्याचा प्रश्न. माणशी रोज ५० ग्रॅम धरले तर पाच जणांच्या घराला वर्षाला ९१ किलो डाळ-कडधान्य लागतं. आपण सगळी तूर सुगीच्या पडत्या भावात विकतो आणि पावसाळ्यात किराणा दुकानातून किलो-किलोनं डाळ आणतो. २०२१ मध्ये सरकारनं तुरीची आयात खुली केली, तेव्हा भावाचं भांडण आपल्याला लढायचंच आहे. पण घरचं पोतं तरी त्या भावातून सोडवा. तूर, मूग, बरबटी मिळून क्विंटलभर माल उन्हात कडक वाळवून बाजूला काढा, आणि तो वर्षाच्या आत संपवा. जुना दाणा शिजता शिजत नाही. तणनाशकाच्या सोयीसाठी कपाशीतली मुगा-बरबटीची तासं अनेकांनी मोडली. येत्या पेरणीला बांधाच्या कडेनं चार तासं बरबटीची टाका, आणि पुढच्या बैठकीला मला जेवायला बोलवा.