रस्ता कोणाचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडून पाहण्याची खोड असते. आपल्या बेळगावच्या रस्त्यांचा तसा जमाखर्च मांडला तर काय दिसेल? रस्ता होतो तो सर्वांनी भरलेल्या करांतून. परंतु रुंदी वाढते ती मोटारींसाठी. पायी चालणारा आणि सायकलवाला यांच्या नावावर फक्त खर्च पडतो, जमा काहीच नाही.

वस्तुतः आपले शहर पायांना आणि सायकलला सोयीचे. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प, यांपैकी कोठूनही बाजारपेठ पाच किलोमीटरांच्या आत. सायकलने वीस-पंचवीस मिनिटांची वाट! हवा थंड. पाऊस जोराचा खरा, पण तो मोटारसायकलवाल्यालाही भिजवतोच. मग सायकली कमी का झाल्या? तरुण पिढी आळशी झाली, असे वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. सायकल घरी धूळ खात पडते ती आळसामुळे नव्हे, भीतीमुळे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी आणि ४,८३६ सायकलस्वार मृत्युमुखी पडले. म्हणजे दिवसाला शंभराहून अधिक! हे ठाऊक असताना कोणती आई मुलीला सायकलने कॉलेजला पाठवील? आणि मुलीला गाडी घेऊन देण्याची ऐपत घरात नसेल, तर तिचे कॉलेज बसच्या वेळेवर अवलंबून राहते.

चालणे हा काही फक्त सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा छंद नव्हे. शहापूर-वडगावचा विणकर, उद्यमबागेतला कामगार, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बायका, शाळकरी मुले, ही सारी चालतात ती गरजेपोटी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीबाहेरच्या कामकऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोक पायी किंवा सायकलने कामावर जात होते. एवढ्या मोठ्या वर्गाला रस्त्याच्या कडेला गटारावरच्या हलत्या फरशीवर ढकलणे हा कोणता न्याय?

विद्यार्थ्याच्या खिशाचाही हिशेब पाहू. रोज दहा किलोमीटर मोटारसायकल चालवली, लिटरला पन्नास किलोमीटर पडले आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पाचशे रुपये होतात. हप्ता, विमा आणि दुरुस्ती वेगळीच. ज्यांच्या घरचे उत्पन्न बेताचे आहे त्यांना ही रक्कम लहान नाही.

यावर उपाय अवघड नाही, आणि तो कागदावर कधीच लिहिला गेला आहे. रस्तेबांधणीचे दंडक ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नको. गुडघाभर उंच पदपथावर म्हातारे माणूस चढणार कसे? चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आपण मागतो ती भीक नव्हे, थकबाकी आहे.

व्यापारी म्हणतील, गाड्या लावायला जागा राहिली नाही तर गिऱ्हाईक तुटेल. पण एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, आणि दुकानासमोर थबकतो तो चालणारा, भरधाव जाणारा नव्हे. गणपत गल्लीतल्या भाजीवालीला हुसकावून पदपथ मोकळा करावा, असेही माझे म्हणणे नाही. तिला आखून जागा द्यावी. २०१४ च्या फेरीवाल्यांच्या कायद्याचा हेतू तोच आहे.

परदेशाचे कौतुक पुष्कळ ऐकतो, म्हणून एकच उदाहरण देतो. सायकलींचा देश म्हणून मिरवणाऱ्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, आणि सरकारला सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधणे भाग पडले. तेथील सवय रक्तातली नव्हे, मागून मिळवलेली आहे.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. त्या नावाला शोभेल अशी एक सुरुवात शाळा-कॉलेजांच्या रस्त्यांपासून करता येईल. सलग पदपथ, ओलांडण्यासाठी उंच पट्टे, वेगाला आळा, सायकलसाठी आखलेली कडा आणि सावलीला झाडे. कॉलेजांनीही आवारात छप्पर असलेला सायकल-स्टँड द्यावा. आणि मित्रहो, फाटकाबाहेरच्या पदपथावर मोटारसायकली लावायच्या आणि व्यासपीठावरून नागरिकत्वावर बोलायचे, हे बंद झाले पाहिजे.

या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हे पटेल. कन्नडमध्ये ‘नडे’ म्हणजे चालणे, आणि वागणूकही. मराठीतही ‘चाल’ शब्दावरूनच चालचलणूक ओळखतात. भाषेवरून आपण या शहरात पुष्कळ भांडलो. पदपथाची मागणी तरी दोन्ही भाषांत, एकाच अर्जावर सह्या करून करू या.