वजनकाट्यावर अडकलेली अक्कल

गव्हाणीत मोळी पडते, फटाके फुटतात, चेअरमनसाहेब यंदाचं उद्दिष्ट जाहीर करतात: इतके लाख टन गाळप. मंडपात टाळ्या पडतात. हे टन ज्यांच्या हातून निघायचे, ती माणसं त्या मंडपात नसतात. ती बीडकडून, धाराशिवकडून ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरं आणि शेरडं लादून, डोक्यावर उचल, म्हणजे आगाऊ रकमेचं कर्ज, घेऊन फडाच्या वाटेला लागलेली असतात.

रोजचं काम धंद्याच्या मोजता येणाऱ्या उद्दिष्टाशी कसं जोडावं, हे शिकवायला हल्ली कंपन्या मोठ्या फीचे सल्लागार बोलावतात. आमच्या साखर कारखान्यांनी ही विद्या केव्हाच साधली. फक्त जोडणी भलत्याच आकड्याशी केली!

साखर धंद्याचा खरा आकडा म्हणजे उतारा, शंभर किलो उसातून निघालेली साखर. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, ठरली तीही १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये अशी. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तर पाच हजार क्विंटल साखर हातची गेली. ही साखर चीफ केमिस्ट आपल्या प्रयोगशाळेत निर्माण करत नाही. तो तिथे ती फक्त मोजतो. ती राखायची की घालवायची, हे बरंचसं फडात ठरतं. ऊस पक्व हवा, वाढं नीट छाटलेलं हवं आणि तोडलेला ऊस शिळा व्हायच्या आत गव्हाणीत पडायला हवा. उसाची गोडी बुडख्याला जास्त. कोयता चार बोटं वरून चालला, की तीच गोडी शेतात राहते आणि मागून येणारा खोडवाही बिघडतो.

आता जमिनीला टेकून, कंबर मोडेस्तोवर वाकून तोडणाऱ्या टोळीला आपण त्याचं वेगळं काय देतो? काही नाही. मजुरी टनावर. गाडी भरली, काट्यावर चढली, पावती निघाली की संपलं. आपण तोडलेल्या उसाचा उतारा काय पडला, हे त्या टोळीला हंगाम संपला तरी कोणी सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. वाढायलाच हवा होता. माझ्या मते कमीच वाढला. पण त्या वाटाघाटीतली बोलीही टनाचीच होती.

बरं, ऊस पक्व आहे की नाही, हे तरी कोण पाहतो? तोडणीचा कार्यक्रम कागदावर लागणीच्या तारखेनुसार लागतो. प्रत्यक्षात संचालकाच्या पाहुण्याचा कोवळा ऊस आधी जातो आणि लहान शेतकऱ्याचा तुरे येऊन वाळत उभा राहतो. मग तो बिचारा तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिठ्ठीबॉयच्या मागे फिरतो, टोळीला ‘खुशाली’ देतो, ड्रायव्हरला ‘एन्ट्री’ देतो. लाच म्हणायची लाज वाटते, म्हणून ही गोंडस नावं.

इथवर नुसता साखरेचा तोटा झाला. पुढचं पाप त्याहून काळं आहे.

फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला वेगळं नाव नाही, वेगळा हजेरीपट नाही. ती अर्धा कोयता. तिने पाळीच्या दिवसांत पोट धरून खोपीत पडून राहायचं म्हटलं, तर खाडा. खाडा झाला की टोळी पुरवणाऱ्या मुकादमाचा दंड, आणि उचल फिटायची तितकी लांबली. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. प्रत्येकीचं कारण फडच होता असं मी म्हणत नाही. पण खाड्याच्या धाकानं ऑपरेशन करून घेतलेल्या बायका तिथे आहेत, आणि त्यांनी ते उघड सांगितलं आहे. टनाच्या हिशेबाला बाईचं शरीर आडवं आलं, म्हणून शरीरच दुरुस्त करून घेतलं! विधवेचं मुंडण करणाऱ्या समाजाला आपण रानटी म्हणतो. मग याला काय म्हणायचं?

कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मला कारखान्याला टन द्यायचेत. सभासद म्हणतो, माझा ऊस वेळेत जाऊ दे. आणि तुम्ही-आम्ही चहात दोन चमचे साखर ढवळून हे वाचतो. जबाबदारीची ही मोळी इतक्या हातांत विभागली गेली, की कोणाच्याच डोक्यावर तिचा भार उरला नाही.

लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहू नये म्हणून. त्याच सहकाराच्या वहीत आज तोडणाऱ्याच्या घामाचं पान नाही. खासगी कारखानदाराला बोल लावणं सोपं आहे. पण सहकारी कारखान्याचा मालक तर सभासदच. वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ ओरडणारे गळे त्याचेच ना?

मोजमापाशी माझं वैर नाही. मोजाच, पण टोळीवार उतारा काढा, तो फडात जाऊन वाचून दाखवा, चांगल्या तोडीचा वाढीव पैसा मुकादमाला वगळून थेट कोयत्याच्या खात्यावर टाका, त्यातला निम्मा बाईच्या नावावर. पाळीच्या रजेचा दिवस खाड्यात धरू नका. आणि सभासदांनो, पुढच्या सभेत अहवालाची पानं उलटताना गाळप, उतारा, साखर पोती यांच्या शेजारी आणखी एक रकाना मागा: या हंगामात आपल्या फडांवर किती बायका आजारी पडल्या आणि त्यांच्यावर कारखान्याने किती खर्च केला. मागून तर पाहा, व्यासपीठावरचा कोणता हात आधी माइककडे धावतो तो.